मदत हवी आहे : शाळेच्या पाणचक्कीच्या सक्तीला मराठी शब्द

मँचेस्टर ग्रामर स्कूलच्या सुरुवातीच्या काळावर दिवाळी अंकासाठी लेख लिहितोय. १५१५ साली एक्झिटरचे बिशप ह्यू ओल्डम यांनी ही लॅटिन शिकवणारी मोफत शाळा काढली आणि खर्चासाठी अर्क नदीवरच्या पाणचक्क्यांचं उत्पन्न लावून दिलं. माझं घोडं इथेच अडलंय. गावकऱ्यांनी दळण याच चक्क्यांवर आणायचं, दुसरीकडे न्यायचं नाही, अशी सक्ती होती. कापडाच्या धंद्याने गाव फुगत गेलं तशी ती लोकांना जाचू लागली. १७५० च्या दशकात कायद्याने धान्य सुटलं, बिअरसाठीचा माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) मात्र अडकलेलाच राहिला!

या बंधनाला नेमका शब्द हवाय. 'मक्ता' लिहून पाहिला, पण त्यात ठेकेदार दिसतो, दळण घेऊन ताटकळणारी बाई दिसत नाही. 'एकाधिकार' म्हटलं की कापूस खरेदीच आठवते. 'बलुतं' तर नाहीच, त्यात कामाची देवाणघेवाण आहे. जुने शब्दकोश चाळून झाले. नवा घडवलेला शब्द नको, तळटीपही देता येणार नाही.

अमक्याच चक्कीवर दळायचं, अमक्याच घाण्यावर गाळायचं, अशा सक्तीला जुन्या दफ्तरांत किंवा तुमच्याकडच्या बोलीत काय म्हणत, आणि तो शब्द कुठल्या भागातला?