एक जिल्हा, दोन हवामानं: नाशिककरांनो, तुमच्याकडचं सांगा

नाशिकची हवा चांगली, हे ऐकतच आपण मोठे झालो. पण कुठल्या नाशिकची? शहरातून मुंबईच्या रस्त्याला लागलं की तासाभरात इगतपुरी येतं. तिथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस. उलट दिशेला सिन्नर किंवा येवला गाठलं तर पाचशेच्या आसपास, तोही पडला तर. अरबी समुद्रावरून आलेले वारे सह्याद्रीला धडकून वर चढतात, गार होतात आणि बहुतेक पाणी घाटमाथ्यावरच टाकून देतात. पुढे उतरताना त्यांच्यात फारसं काही उरत नाही. एकट्या ब्रह्मगिरीच्या परिसरातून गोदावरी पूर्वेला निघते ती बंगालच्या उपसागराकडे, आणि वैतरणा पश्चिमेला, अरबी समुद्राकडे. माझं आजोळ त्र्यंबकचं आणि नोकरी येवल्याच्या बाजूला, त्यामुळे हा फरक मला रोज दिसतो. ज्यांनी दोन्हीकडचे दिवस काढलेत त्यांनी सविस्तर लिहा. पाऊस, थंडी, माती, घरं, पिकं, काहीही चालेल.

माहेर इगतपुरीजवळचं घोटी, सासर येवला तालुका

आमच्याकडे जूनमध्ये पाऊस लागला की दिवस मोजायचे नाहीत. झड लागते. ऊन दिसत नाही, कपडे चुलीच्या वर दोरी बांधून वाळवायचे, तरी त्यांचा धुरकट दमट वास जात नाही. पीठ, मीठ, काडेपेटी, सगळ्याला ओल. आवणीच्या, म्हणजे भाताची रोपं लावायच्या दिवसांत आई आणि काकू चिखलात वाकलेल्या असायच्या, पावसापासून आडोसा म्हणून पाठीवर पानांचं इरलं. इरल्यावर पावसाचा असा आवाज होतो की शेजारची बाई काय बोलते ते कळत नाही, म्हणून गाणी मोठ्याने म्हणायच्या. उतरती कौलं, पावसाच्या अंगाच्या भिंतीला बाहेरून गवताचा आडोसा.

येवल्याकडे आले तर घरं धाब्याची. सपाट छतावर मिरच्या, पापड, कुरडया. पहिल्या पावसाळ्यात मी वाट बघत होते की आता लागेल, आता लागेल. जुलै कोरडा गेला. सासूबाई रोज संध्याकाळी अंगणात उभं राहून आभाळाकडे बघायच्या आणि काही न बोलता आत यायच्या. पावसाची वाट बघणं हे काम असतं, हे मला इथे कळलं.

सगळ्यात मोठा फरक परतीच्या पावसाचा. माहेरी भात पिवळा पडायला लागला की हत्तीच्या, म्हणजे हस्त नक्षत्राच्या पावसाची धास्ती, उभं पीक आडवं होतं. सासरी त्याच पावसावर रब्बीची ज्वारी-हरभरा आणि विहिरीचं पाणी अवलंबून. एकाच संध्याकाळी वीज कडाडायला लागली की आईचा फोन काळजीचा असतो आणि इकडे सगळे ओट्यावर येऊन बसलेले असतात. मी कोणाच्या बाजूने देवाला विनवू, हे मला अजून कळत नाही.

निफाड तालुका, द्राक्षबाग

पावसावर सगळे लिहितील, मी थंडीवर लिहितो. राज्यातलं सर्वात कमी तापमान म्हणून कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राचा आकडा बातम्यांत येतो, तो आमच्या शेजारचा. ५ अंशांच्या खालीही पारा जातो. उत्तरेकडून गार कोरडे वारे येतात, रात्री आभाळ निरभ्र असतं, जमिनीची ऊब झपाट्याने निघून जाते, आणि गोदावरी-कादवा नद्यांच्या खोलगट काठाला जड गार हवा साचून राहते. घाटमाथ्याकडे वारा हलता असतो, म्हणून तिकडे उंची जास्त असूनही आमच्याइतका कडाका बसत नाही.

अशा पहाटे झोप लागत नाही. तीन-चारला उठून बागेच्या कडेने शेकोट्या पेटवायच्या, धूर बागेत फिरेल असं वाऱ्याचं तोंड बघायचं. ठिबक सोडायचं, कारण विहिरीचं पाणी हवेपेक्षा उबदार असतं. बॅटरीच्या उजेडात तारेवरचं दव गोठलेलं दिसतं, बोट लावलं की खरखरीत लागतं. पाणी उतरलेल्या, म्हणजे पिकायला लागलेल्या घडाचे मणी तडकायला लागले तर वर्षाचा खर्च डोळ्यांसमोर जातो. मण्यांची फुगवण थांबते ती वेगळीच. पर्यटक याच थंडीत हुरड्याला आणि नांदूर मध्यमेश्वरच्या पक्ष्यांना बघायला येतात. जरूर या, पक्षी खरंच बघण्यासारखे आहेत. गव्हाला आणि हरभऱ्याला हीच थंडी मानवते, हेही खरं.

कसारा-इगतपुरी, रेल्वेत नोकरी

थोडक्यात लिहितो. कसाऱ्याला गाडीला मागून बँकर, म्हणजे ढकलायला जादा इंजिनं लागतात, कारण पुढचा चढ ३७ फुटांना एक फूट. मे महिन्यात कसाऱ्याला घामाने शर्ट चिकटलेला असतो. बोगदे संपून इगतपुरीला दार उघडलं की वारा अंगावर येतो. एवढ्याशा अंतरात कोकणातून देशावर आलो, हे डोळे मिटूनही सांगता येतं.

सुरगाणा तालुका, शिक्षक

वरचं वाचून असं वाटू नये की पश्चिमेकडे पाणीच पाणी आणि पूर्वेकडे दुष्काळ. आमच्याकडे पावसाळ्यात ओढे ओलांडता येत नाहीत म्हणून मुलं शाळेत येत नाहीत. आणि मार्चपासून त्याच मुली डोक्यावर हंडा घेऊन दरीतल्या झऱ्यावर रांगेत असतात. काळा कातळ, त्यावर हातभर माती, तीव्र उतार. पडलेलं पाणी मुरत नाही. नार, पार, दमणगंगा सगळं घेऊन गुजरातच्या दिशेने उतरून जातात. उतारावर नागली आणि वरई होते, कारण त्यांना थोडी माती पुरते. तीन तालुके ओलांडून बदलीवर येणाऱ्या सहकाऱ्याला मी आधी एवढंच सांगतो: इथला पाऊस बघून उन्हाळ्याचा अंदाज बांधू नका, पिण्याच्या पाण्याची सोय बघूनच खोली घ्या.

सिन्नर

सर, तुमचं पटलं. आमच्याकडे ढग येतात, डोक्यावरून पळत जातात. वाराच इतका की पवनचक्क्या उभ्या राहिल्या. म्हणून जे थोडं येतं ते अडवायची इथे जुनी सवय आहे. देवनदीवरचे जुने बंधारे आणि त्यांचे पाट बघायला कधी या, उताराच्या जोरावर पाणी शेतात जातं, मोटार नाही. कमी पावसाच्या गावाने पाणी कसं वाटून घ्यायचं, हे त्या पाटांवर शिकायला मिळतं.

पंचवटी

शहरात आम्ही पूर पावसावरून ओळखत नाही. त्र्यंबक आणि गंगापूर धरणाच्या वरच्या अंगाला किती पडला, यावर आमचं सगळं ठरतं. इथे ऊन पडलेलं असतं आणि विसर्ग सुटतो. मग रामकुंडाजवळ एकच चौकशी, नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कुठपर्यंत पाणी? गुडघा, कंबर, छाती. २००८ च्या सप्टेंबरात आणि २०१९ च्या ऑगस्टात पूर मोजण्याच्या पलीकडे गेला होता. दुकानातला माल माळ्यावर चढवताना आम्ही घाटमाथ्याचा पाऊस हाताने उचलत असतो, असंच मला वाटतं. आमच्याकडून ओसरलेलं ते पाणी पुढे नांदूर मध्यमेश्वरवरून जायकवाडीला जातं, आणि त्याच्यावरूनच मराठवाड्याशी आमची ओढाताण होते.

धागा काढणारा

सगळ्यांचे मनापासून आभार. सुरगाण्याच्या सरांनी लिहिलेलं मी त्र्यंबकच्या मामांना वाचून दाखवलं, ते म्हणाले हर्सूलकडेही हेच. बागलाण आणि मालेगावकडून अजून कोणी लिहिलं नाही. मोसम आणि आरम नद्यांच्या काठी फड पद्धतीने, म्हणजे बंधाऱ्याखालच्या शेतीचे गट (फड) पाडून, पाणी वाटून घेत, त्या फडांवर राबलेलं घरातलं कोणी असेल तर त्यांच्याशी बोलून लिहा. पाळी कोण लावायचा, कमी पावसाच्या वर्षी कुठला फड कोरडा ठेवायचा हे कसं ठरायचं, एवढं तरी नक्की विचारा.