मदत हवी आहे: एकाच दाढीत दोन सेफ्टी रेझर, पण कोणता आधी?

मंडळी, माझ्याकडे मर्कूर ३४सी आणि म्यूले आर४१ आहेत. पहिला बंद दात्यांचा (ब्लेडखालची कड सलग), सौम्य. दुसरा उघड्या दात्यांचा (ती कड कंगव्यासारखी), चांगलाच जहाल. तीन दिवसांची दाढी नुसत्या मर्कूरने केली तर हनुवटीखाली खुंट राहतात. तिन्ही फेऱ्या (केसांच्या दिशेने, आडवी, उलटी) आर४१ने मारल्या तर गाल गुळगुळीत, पण तुरटी फिरवली की डोळ्यांत पाणी!

म्हणून दोन आठवड्यांपासून पहिली फेरी आर४१ने, केसांच्या दिशेने. मग पुन्हा फेस लावून मर्कूरने आडवी. उलटा हात मारत नाही. गाल मस्त निघतात. फक्त गळ्याच्या डाव्या बाजूला, जिथे केस भोवऱ्यासारखे फिरतात, रुपयाएवढी जागा लाल होते. नागपूरच्या उन्हाळ्यात तिथे घाम काय झोंबतो ते सांगायला नको.

ब्लेड दोन्हींत एकच, अ‍ॅस्ट्राचं हिरवं. तीन दाढ्यांनंतर फेकतो. आमच्याकडे बोअरचं पाणी, फेस लगेच बसायचा, म्हणून आता फिल्टरचं पाणी मगात घेतो. त्याने फरक पडला, पण त्या जागेला नाही. हात हलकाच ठेवतो. कार्ट्रिजकडे परत जायचं नाही, आणि तिसरा रेझर घेतला तर घरात दाढीपेक्षा माझीच हजामत होईल.

असे दोन रेझर वापरणाऱ्यांनी सांगा: ती जागा पहिल्या फेरीतही मर्कूरलाच द्यावी, की क्रम तोच ठेवून आर४१मध्ये कमी धारेचं ब्लेड लावून बघावं?