मदत हवी आहे : तांदळाची भाकरी, अर्धी चपाती आणि बिरकत हामाझोन

नमस्कार. ज्यू धर्मनियमानुसार गहू, जव यांसारख्या पाच धान्यांपैकी एखाद्याची पोळी किंवा पाव निदान ऑलिवच्या फळाएवढा खाल्ला तरच जेवणानंतर 'बिरकत हामाझोन' (जेवणाबद्दलची पूर्ण आभार-प्रार्थना) म्हणावी लागते, तांदळाच्या भाकरीनंतर 'बोरे नेफाशोत' (छोटी आभार-प्रार्थना) पुरते, इतके मला ठाऊक आहे. आमच्या बेने इस्राएली (महाराष्ट्रातील ज्यू) घरात मात्र मुख्य जेवण भात, घावन आणि मासळीचे असते. चपाती प्रत्येकी जेमतेम अर्धी. ती सलग न खाता गप्पांच्या ओघात (आमच्याकडे त्या लांबतातच) तासभर घास-घास खाल्ली, तर तिचे माप एकत्र धरायचे का? शिवाय जेवणाऱ्या तिघा पुरुषांपैकी एकाने केवळ भातच खाल्ला असेल, तर 'झिमून' (एकत्र जेवलेल्या तिघांनी बिरकतीआधी एकमेकांना द्यायचे प्रार्थनेचे आमंत्रण) करता येतो का? सेफार्दी (मूळच्या स्पेन-पोर्तुगालकडील ज्यूंच्या) परंपरेप्रमाणे उत्तर दिल्यास अधिक उपयोग होईल.