डुकरांच्या अंगावर खपल्या: खनिज मिश्रण वाढवायचं का?

प्रश्न
यॉर्कशायर डुकरं, वजन 30 ते 40 किलो. 100 किलो खाद्यात मक्याचा भरडा 58, सोयाबीन पेंड 22, गव्हाचा कोंडा 15, चुनखडी पावडर 2.5, गाईंचं खनिज मिश्रण 2 (पिशवीवर कॅल्शियम 22 टक्के) आणि मीठ अर्धा किलो. पायांवर, पोटावर दोन्ही बाजूंना सारख्याच कोरड्या खपल्या आल्यात. वाढही मंदावली. मिश्रण 3 किलो करू का?

उत्तर 1
अजिबात नको. आधी कॅल्शियमचा हिशेब करा. चुनखडीतून (38 टक्के) 950 ग्रॅम, मिश्रणातून 440, धान्य-पेंडीतून साधारण 100. म्हणजे जवळपास दीड टक्का! या वजनाला 0.66 टक्के पुरतं. कोंडा, मका आणि पेंडीतलं फायटेट (दाण्यांत फॉस्फरस साठवणारा घटक) झिंकला बांधून ठेवतं. कॅल्शियम जास्त झालं की ती गाठ आणखी घट्ट होते. खाद्यात झिंक असूनही अंगी लागत नाही, म्हणून या खपल्या.

खाज किती आहे ते बघा. भिंतीला अंग घासत असतील, कानांत कवच असेल, तर खरूज धरा आणि डॉक्टरांकडून त्वचा खरवडून तपासून घ्या. झिंकच्या कमतरतेच्या खपल्यांना खाज जवळजवळ नसते.

उत्तर 2
सहमत. चुनखडी 900 ग्रॅम, डीसीपी (डायकॅल्शियम फॉस्फेट, कॅल्शियम-फॉस्फरसची पावडर) 1 किलो करा, गाईंचं मिश्रण बंद. कमी झालेल्या 2.6 किलोच्या जागी मक्याचा भरडा तेवढा वाढवा. मीठ आहे तेवढंच, पण पाणी कधी तुटू देऊ नका. पाण्याविना तेच मीठ विषासारखं भिनतं. लोह, तांबं, आयोडीन, सेलेनियमसाठी डुकरांचं प्रीमिक्स (सूक्ष्म खनिजांचं तयार मिश्रण) लेबलवरच्या मात्रेतच द्या. सेलेनियमची गरज आणि विषबाधा यांत अंतर थोडं असतं.

प्रश्नकर्ता
झिंकसाठी खतांच्या दुकानातलं झिंक सल्फेट चालेल का?

उत्तर 2
नको, त्यात शिसं-कॅडमियम असू शकतं. पशुखाद्याच्या दर्जाचंच घ्या. 35 टक्के झिंकवालं (मोनोहायड्रेट) 100 किलोला 28 ग्रॅम, म्हणजे झिंक साधारण 100 पीपीएम (किलो खाद्यात 100 मिलिग्रॅम). प्रीमिक्समध्ये झिंक असेल तर तेवढं वजा करा. आधी 1 किलो भरड्यात, मग 5 किलोत, मग सगळ्यात मिसळा. थेट ढिगात टाकलं तर एका घमेल्यात सगळं, दुसऱ्यात काहीच नाही.

उत्तर 1
फायटेट फोडणारं फायटेज एन्झाइम घालणार असाल तर किलो खाद्याला 500 युनिट. खाद्य शिजवत असाल तर मात्र पैसे वाया, उष्णतेने ते मरतं.