झोळीचा काटा: आशाताईंच्या गृहभेटींचे अनुभव

तगर
काल पाण्याच्या मोटारीचं बिल शोधायला माळ्यावरचा पत्र्याचा डबा काढला. तळाशी झोळीचा वजनकाटा निघाला. आशा म्हणून मिळालेल्या पहिल्या किटातला. झोळीच्या कोपऱ्यावर हळदीचा डाग तसाच. तो हातात आला आणि बिल राहून गेलं.

मी २००९ ते २०२१ आशा होते, पाटण तालुक्यात, डोंगराकडेच्या दोन वाड्यांवर. दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईकडे ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी जायचं. सहा भेटींचे मिळून २५० रुपये. फॉर्मवर वजन, ताप, श्वास एवढंच असतं, पण उंबऱ्याच्या आत घेतात की दारातूनच "सगळं बरं आहे" म्हणून परत पाठवतात, खरं काम तिथे सुरू व्हायचं.

एका घरी तिसऱ्या दिवशी गेले. बाळाला नुकतीच आंघोळ घालून पातळ दुपट्यात ठेवलेलं. रिकामी झोळी अडकवून काटा शून्यावर आणला, बाळ ठेवलं, १ किलो ९००. पोट कोमट, तळवे गार. सांगून पटणार नव्हतं. मी सासूबाईंचा हात धरून आधी बाळाच्या पोटावर ठेवला, मग तळव्यांवर. त्या गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "अगं बाई, पाय बर्फ झालेत की." सून परक्या बाईसमोर अंग उघडं करायला लाजत होती. तर म्हातारीने दार लोटलं, स्वतःच्या चोळीच्या गाठी सोडल्या आणि नातवाला उघड्या छातीशी धरून वर घोंगडी ओढून घेतली. प्रशिक्षणात याला कांगारू पद्धत म्हणतात, तिने ते नाव कधी ऐकलेलं नव्हतं. दुधाची वेळ झाली की बाळ सुनेकडे, मग परत आजीकडे. ४२ व्या दिवशी २ किलो ९००.

तुम्ही आशा असाल, सिस्टर असाल, किंवा कुणी आशाताई तुमच्या घरी चकरा मारत असेल, तर लिहा ना.

निशिगंध
ताई, आजीचं वाचून डोळे भरून आले. कुकर लावलाय, नंतर येते.

फडावरची
आमच्याकडं दिवाळी झाली की गाव रिकामं. सातव्या महिन्याची बाई बी ऊसतोडीच्या टोळीसंगं जाती, कारण उचल, म्हंजी आगाऊ पैसे, घेतलेली असती. नवरा-बायको मिळून एक कोयता, ती राहिली तर अर्धा कोयता, मुकादम ऐकत नाही. बीड जिल्ह्यातल्या सगळ्या आशांना हे माहीतच आहे. मी काय करते, माता-बाल कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालते, लोहाच्या गोळ्या मोजून देते, कार्डाच्या मागं माझा नंबर. म्हणते, फड पडंल तिथल्या आशाला हे दाखव, लाजू नको.
एका रात्री कोल्हापूरकडनं अनोळखी फोन. "तुमच्या गावची बाई आमच्याकडं बाळंत झाली, मुलगी, दोघी सुखरूप." तिकडच्या आशाताई. फडावरच्या झोपड्या, कोपीवर कोपी हिंडून त्यांनी हिला हुडकली व्हती. त्यांना मी अजून बघितलं नाही, पण दर संक्रांतीला आमचा फोन असतो.

बेलपान
फडावरची ताई, नंबर लिहायचं मी पण करणार. आमच्या वस्तीवर वीटभट्टीवाल्या बाया येतात, कुणाकडेच कार्ड नसतं. पिशवी कसली वापरता, चेन असलेली का?

फडावरची
साडीची असती ना दुकानात, ती. चेनवाली पोरं पळवत्यात 😄

मोहफूल
मी गडचिरोलीची. आमच्याकडे 'सर्च' या संस्थेच्या आरोग्यदूत बाया आशा यायच्या आधीपासून घरोघरी बाळं तपासतात. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच बायांना शिकवलं. १९९९ मध्ये ते काम 'लॅन्सेट' या डॉक्टरी नियतकालिकात छापून आलं, आणि आज देशभरच्या आशा ज्या गृहभेटी करतात त्याचं मूळ तिथे आहे.
माझ्या आत्याला लिहिता येत नव्हतं, आकडे साठपर्यंत नीट जात नसत. तिच्यासाठी लाकडी फळी होती, एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि तारेत ओवलेले मणी. बाळाचे दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत शेवटचा लाल मणी सरकला, की न्यूमोनिया. लहानपणी आम्ही तिच्याशेजारी श्वास रोखून बसायचो. ती ओठ हलवत एक ते दहा मोजायची, परत एक ते दहा. मी आज मोबाईलच्या घड्याळावर मोजते, पण ओठ तिच्यासारखेच हलतात.

पाऊलवाट
सगळ्या गोष्टी गोड नसतात म्हणून लिहिते. आठवा महिना, पाय सुजलेले, डोकं ठणकतंय, डोळ्यांपुढे काजवे. दुपारीच ओळखलं. गाडी बोलावली, बरोबर गेले. पहिल्या दवाखान्यातून पुढे पाठवलं, तिथून आणखी पुढे. वाटेत झटके आले. बाई वाचली, बाळ गेलं.
बाळ नाही म्हणजे आपल्या भेटीही नाहीत, फॉर्मच नाही. तरी मी सहाही दिवस गेले. तिसऱ्या दिवशी तिची छाती दगडासारखी दाटली होती, ताप होता, आणि घरात त्यावर बोलायलाच कुणी तयार नव्हतं. गार पाण्याच्या घड्या ठेवल्या, थोडं थोडं दूध कसं काढायचं दाखवलं. ताप उतरेना तशी सिस्टरांना बोलावून आणलं. ती भिंतीकडे बघून म्हणाली, "ताई, हे येतंच आहे हो." माझ्याकडे उत्तर नव्हतं. वाटी धरून बसले.

निशिगंध
पाऊलवाट ताई 🙏 तुम्ही गेलात तेच खूप.
माझं साधंच आहे. माझी डिलिव्हरी पुण्यात, वस्तीतल्या आशाताई यायच्या. आमच्या आत्यासासूबाई चिकाचं दूध काढून टाका म्हणत होत्या, पिवळं असतं, बाळाला पचत नाही म्हणून. ताई वाद घालत बसल्या नाहीत. म्हणाल्या, "काकू, गाय व्यायली की वासराला पहिलं काय पाजता?" काकू गावाकडच्या, लगेच म्हणाल्या, "चीकच की." आणि स्वतःच हसायला लागल्या.

बेलपान
वा! हे मी उद्याच वापरणार.
जाता जाता, तुमच्याकडे बाळंतिणीला पाणी तोडतात का? इकडे अजून पाच दिवस घोट घोट देतात. मी गेले की आधी तांब्या भरून उशाशी ठेवते.

सुपारीची_बाग
आमच्या दापोलीकडे पाणी नाही तोडत, पण भाज्या बंद करतात. नुसता मऊभात, तूप, मेतकूट. आळीव मात्र पोटभर. आळीव नारळाच्या पाण्यात दोन तास भिजवा, मग ओलं खोबरं आणि गूळ घालून मंद आचेवर, लाडू मऊ राहतात.

निशिगंध
गूळ किती? दर वेळी माझे दगड होतात.

सुपारीची_बाग
खोबऱ्याच्या निम्मा. पाक करायचा नाही, सगळं एकत्रच शिजवायचं.

आशाचा_मुलगा
मी पुरुष आहे, पण लिहितो. माझी आई आशा आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये ती आझाद मैदानावर बसली होती, हजारो जणींबरोबर, उघड्यावर. मानधनात ५ हजारांच्या वाढीचा शासननिर्णय निघावा म्हणून. मार्चमध्ये निघाला. त्या दिवसांत तिच्या फोनवर गावातून फोन येत होते, "ताई, बाळ दूध ओढत नाही, काय करू?" मंडपात गलका, ती एका कानात बोट घालून सांगत होती, "बाळाची हनुवटी छातीला टेकू दे, नुसतं बोंड नको, काळा भागही तोंडात जाऊ दे." मागून घोषणा चाललेल्या. मागण्यांवर बोलताना लोक आईला "ह्या तर स्वयंसेविका" म्हणतात तेव्हा मला तो फोन आठवतो. रात्री दोनला उठून गाडीत बसणारीला पगार हवाच, नुसता मोबदला नको.

तगर
अगदी बरोबर, बाळा. आईंना नमस्कार सांग.
पाऊलवाट, ती बाई आता कशी आहे?

पाऊलवाट
दोन वर्षांनी परत दिवस गेले. महिना चुकताच माझ्याकडे आली, घरच्यांना सांगायच्या आधी. मोठ्या दवाखान्यात नाव घातलं, दर भेटीला बीपी. मुलगा झाला, २ किलो ६००. झोळीत ठेवायला तिने मला दिला नाही, म्हणाली, "मीच ठेवते, तुम्ही काटा बघा."