विमा कंपनीतला कवी

असं म्हटलं जातं की आजचे अमेरिकन कवी विद्यापीठांत शिकवून जगतात, म्हणून त्यांची कविता वर्गाबाहेर पोचत नाही. बऱ्याच जणांबाबत पहिला भाग खरा आहे, पण टेड कूझर यांचं नाव इथे यायलाच हवं. नेब्रास्कातल्या लिंकनमध्ये त्यांनी अनेक वर्षं आयुर्विमा कंपनीत नोकरी केली, थेट उपाध्यक्षपदापर्यंत. लिहायचे पहाटे उठून, ऑफिसला जायच्या आधी. कविता सेक्रेटरीला वाचायला द्यायचे. तिला कळली नाही तर पुन्हा लिहायला बसायचे. २००४ मध्ये ते अमेरिकेचे राजकवी झाले, २००५ मध्ये कवितेसाठीचं पुलित्झर पारितोषिक मिळालं.

मला मात्र त्याआधीचा काळ जास्त जवळचा वाटतो. १९९८ मध्ये त्यांना कॅन्सर झाला. उपचारांनंतर ऊन टाळायला सांगितलं होतं, म्हणून ते उजाडायच्या आत घराजवळच्या खेड्यातल्या रस्त्यांवर चालायला जायचे. लिहिणं पार थांबलं होतं. एका सकाळी फिरून आल्यावर अचानक कविता झाली, मग जवळजवळ रोजच होऊ लागली, आणि ती पोस्टकार्डावर चिकटवून लेखकमित्र जिम हॅरिसन यांना जाऊ लागली. वर तारीख आणि हवेची नोंद, खाली मोजक्या ओळी. अशा शंभर कार्डांचं पुस्तक २००० मध्ये आलं. आजाराबद्दल त्यात फार थोडं आहे. दंव, कुंपण, पक्षी, बायकोसोबतचं चालणं हेच जास्त. घरात कोणी आजारी असताना रात्री दोन-दोन कार्डं वाचली आहेत मी, त्याहून जास्त वाचवत नसत.