'बरं वाटतं' ह्याचं नाम काय?

ताकभात
आमच्या सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिक संघाचं भित्तिपत्रक माझ्या गळ्यात पडलंय. ह्या वेळचा विषय सगळ्यांनी एकमताने ठरवला: रोजच्या जगण्यातल्या बारीकसारीक गोष्टींत जे सुख असतं ते. गॅलरीतला सकाळचा पहिला चहा, आपल्याआधी कुणी न उघडलेला पेपर, श्रावणात एकदाचे खडखडीत वाळलेले कपडे. विषय ठरला, पण शीर्षकावर घोडं अडलंय. 'सुख' फार मोठं होतं. 'आनंद' म्हटला की पेढे वाटावे लागतात. 'समाधान' हा निवृत्तीच्या समारंभात बोलायचा शब्द. आजी-आजोबांनाच विचारलं, तुम्ही ह्याला काय म्हणता? उत्तर एकच: "काही नाही गं, बरं वाटतं."

तर, 'बरं वाटणे'चं नाम काय? 'बरेपणा' चालत नाही, तो घ्यायचा असतो. काम दुसऱ्याने करायचं आणि बरेपणा आपण घ्यायचा.

शेवटचा_बाक
नाम नाही, आणि नसल्याने काही बिघडत नाही. पण 'समाधान' इतक्या सहज बाद करू नका. सम् + आ + धा, म्हणजे नीट एकत्र ठेवणं, विखुरलेलं मन जागेवर आणणं. 'समाधी' त्याच घरातली. शंका फिटून मन जागेवर येतं ते शंकासमाधान. हिंदीत पुढे 'तोडगा' हाच अर्थ वरचढ झाला. आता आपल्याकडेही जाहिरातवाले 'सर्व समस्यांचे समाधान' लिहितात, तोडगा, उकल, निराकरण असे तीन तीन शब्द घरात असताना. असो, तो वेगळा धागा होईल.

मला ह्या शब्दांपेक्षा त्यांची क्रियापदं महत्त्वाची वाटतात. आनंद होतो, मजा येते, सुख लाभतं. समाधान वाटतं हे खरं, पण ते मानावंही लागतं, आणि 'मानणे' आलं की समजावं काहीतरी हुकलंय. "यजमान संघाला उपविजेतेपदावर समाधान मानावे लागले." आणि 'समाधानकारक'! मी जन्मभर प्रगतिपुस्तकांवर शेरे लिहिले. उत्तम, चांगला, समाधानकारक. 'समाधानकारक' मिळालेल्या पोराच्या बापाला समाधान झालेलं मी कधी पाहिलं नाही.

तुमच्या विषयाला मात्र तुकोबांचं चपखल बसतं: "ठेविले अनंते तैसेचि राहावे । चित्ती असो द्यावे समाधान ॥" इथे ते मानायचं नाहीये, नुसतं असू द्यायचंय.

ताकभात
सर, अभंगाबद्दल वाद नाही. पण हीच ओळ आमच्या मावशीला सासरी किती जणांनी ऐकवली असेल! शिवणयंत्र घ्यायचंय म्हटलं, समाधान मान. माहेरी जायचंय, समाधान मान. 'असो द्यावे' हे ज्याचं त्याने स्वतःला सांगायचं. दुसऱ्याला सांगायला लागलं की त्याचा हुकूम होतो. म्हणूनच आमच्या बोर्डावर तो शब्द नको. निम्म्या आज्या नाक मुरडतील.

रंकाळा
एवढा काथ्याकूट कशाला, 'निवांत' आहे की! आमच्या कोल्हापुरात "काय चाललंय?" ला उत्तर ठरलेलं, "निवांत." परीक्षा उद्यावर आलेली असली तरी निवांत. संध्याकाळी गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर जावा. म्हशी ओळीनं बांधलेल्या, समोर धार काढायची, फेसासकट पेला हातात, मिशीला फेस लागलेला. तिथं कुणी कुणाला "तुला समाधान मिळालं काय रे भावा?" असं विचारत नाही. पेला रिकामा करायचा, तोंड पुसायचं, कट्ट्याला टेकून उभं राहायचं. निवांत. विशेषण म्हणा, क्रियाविशेषण म्हणा, काय म्हणायचं ते म्हणा.

पुण्यातलं "निवांत भेटू एकदा" ते वेगळं. ते म्हणजे भेटायचं नाही.

शेवटचा_बाक
रंकाळा, शब्द नामी काढलात. निवांतच्या मुळाशी 'निवात' आहे. नि + वात, जिथे वारा लागत नाही अशी जागा. ज्ञानेश्वरीच्या दुसऱ्या अध्यायात स्थिरबुद्धी माणसाचं वर्णन करताना ज्ञानेश्वर म्हणतात, "जैसा निर्वातींचा दीपु । सर्वथा नेणे कंपु". वाऱ्याच्या आड ठेवलेला दिवा, ज्योत हलत नाही. तुमच्या दूधकट्ट्यावरचा माणूस म्हणजे हाच दिवा. मिशीला फेस असला तरी.

आता त्याच्या शेजारचं क्रियापद बघा, 'निवणे'. भात निवला, डोळे निवले, जीव निवला. हे 'निर्वा' धातूकडून आलं. निर्वा म्हणजे विझणं, थंडावणं. 'निर्वाण'ही तिथूनच. 'वात'मधला 'वा' आणि निर्वाणातला 'वा' एकच, वाहण्याचा. म्हणजे बुद्धाचं निर्वाण आणि परातीत निवायला ठेवलेला भात हे धातूने सख्खे. वर्गात हे सांगितलं की शेवटचा बाकसुद्धा जागा व्हायचा.

ताकभात
अय्या, 'निवणे' मी रोज वापरते आणि कधी लक्षातच आलं नाही! विरजण लावताना दूध निवलं का बघ, असं आमच्याकडे दहादा म्हटलं जातं. पण तिथे निवणं म्हणजे गार होणं नव्हे. गार दुधाला विरजण लागत नाही, कढत दुधात ते फाटतं. करंगळी बुडवली आणि चटका बसला नाही, पण ऊब कळली, की निवलं. तेवढ्याच वेळात लावायचं, ढवळायचं आणि झाकून ठेवायचं, मग सकाळपर्यंत हात लावायचा नाही. हिवाळ्यात पातेल्याभोवती जुनं फडकं गुंडाळायचं.

आज्यांच्या 'बरं वाटतं'च्या हे फार जवळचं आहे. त्यातली ऊब गेलेली नसते, फक्त चटका गेलेला असतो.

चौथी_सीट
माफ करा, पण वारा नाही तिथे निवांत ही व्युत्पत्ती आम्हा लोकलवाल्यांना मान्य नाही. वारा नसेल तिथे आमचा जीव जातो. आमच्याकडे सगळ्यात मोठं सुख म्हणजे विंडो, आणि तीही वाऱ्याच्या दिशेची. उलट्या बाजूची विंडो म्हणजे नुसतं बघायचं. डोंबिवलीला चढून ठाण्यापर्यंत तिघांच्या बाकावर चौथ्या सीटवर अर्ध्या मांडीने बसल्यावर समोरचा उठतो, खिडकी मिळते, शर्टाच्या बाहीतून वारा आत शिरतो. त्याला मी 'जिवात जीव आला' म्हणेन. 'हुश्श' म्हणेन. निवांत नाही म्हणणार, कारण मुलुंडला पुन्हा गर्दी घुसणार असते.

आणि ते 'जिवाची मुंबई करणे' कुणी काढलं देव जाणे. मुंबईतल्या माणसाने तर नक्कीच नाही. मुंबईचा माणूस रविवारी दुपारी पंखा पाचवर ठेवून झोपतो.

मांडवी
नमस्कार, गोव्याहून लिहितेय. आधी 'बरं'विषयी. संस्कृत 'वर' म्हणजे श्रेष्ठ, त्याचं 'बरा' झालं. मराठीत मात्र ते घसरत घसरत 'ठीकठाक' वर आलं. "कसा आहे मुलगा?" "बराय." संपलं स्थळ! कोकणीत 'बरें' अजून चांगलं ह्याच पूर्ण अर्थाने उभं आहे. आभार मानायचे तर आम्ही "देव बरें करूं" म्हणतो. म्हणून मला तुमच्या आज्यांचं "बरं वाटतं" ऐकून त्यात ठीकठाक दिसलंच नाही, जुनं 'वर'च दिसलं.

दुसरं, कुणीतरी 'सुशेगाद' सुचवणार हे ठाऊक आहे म्हणून आधीच सांगते. पोर्तुगीज 'सोसेगादू'वरून आला, अर्थ शांत, निश्चिंत. पोर्तुगीज इथे १५१० ते १९६१ होते, शब्द राहणारच. पण पर्यटकांच्या टी-शर्टवर चढल्यापासून त्याचा अर्थ 'गोंयकार काम करत नाहीत' असा झालाय. माझी आजी पहाटे उठून विहिरीचं पाणी ओढायची आणि तरीही जेवायला बसलेल्याला म्हणायची, "सुशेगाद जेव." म्हणजे घाई करू नकोस, कुणी ताट ओढून नेत नाही. त्यात आळस कुठे आला? संध्याकाळी पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलचा भोंगा वाजला की ती पदराला हात पुसत दारात यायची, गरम पोय (आमचा गोल पाव) घ्यायची आणि घरात न्यायच्या आधी तिथेच एक तुकडा मोडायची. घरच्यांना वाटायचं, पोय मऊ आहे का ते बघतेय. रोज बघायची.

ताकभात
मांडवीताई, म्हणजे लग्नाआधीचा 'वर' लग्नानंतर 'बरा' होतो, असंच ना? आमच्या ह्यांना वाचून दाखवलं. हसले नाहीत.

वऱ्हाडी_ठेचा
आमच्या इकडचं कोणी घेतलंच नाही. तुमच्याकडे 'करमत नाही', आमच्या नागपूर-अमरावतीकडे 'गमत नाही'. पोरगी सासरी गेली की मायचा पहिला सवाल: "गमते का वं तुले तिथी?" होस्टेलातला पोरगा: "मले गमूनच नाही राह्यलं." जेवतेस का, पैसे पुरतात का, हे नंतर. ह्या शब्दाची मजा अशी की तो बहुतेक नकारात आणि प्रश्नातच भेटतो. ज्याला गमते तो कधी सांगत नाही की मले गमून राह्यलं. गमत नसलं की तो शब्द आठवते.

'करमणे'चंही तेच. त्याचं नाम मात्र आहे, 'करमणूक', आणि ते पार दुसऱ्या गावाला गेलं. हरी नारायण आपट्यांनी १८९० साली 'करमणूक' साप्ताहिक काढलं तेव्हाच ते वाचायच्या-बघायच्या गोष्टींचं नाव झालं होतं. पुढे तर २०१७ साली जीएसटी येईपर्यंत करमणूक कर भरावा लागे. तेव्हा ताई, नाम करायच्या भानगडीत पडू नका. 'बरं वाटणे'चं नाम केलं तर उद्या त्यावर जीएसटी लागेल.

'चैन' पण बघा. हिंदीत चैन म्हणजे शांतता, मराठीत चैन म्हणजे पैसे उधळणं. पण "त्याला पाहिल्याशिवाय चैन पडत नाही" ह्यात जुना अर्थ जिवंत आहे. पुन्हा नकारातच! चैन केली की खर्च, चैन पडली असं कोणी म्हणत नाही.

रंकाळा
हे भारी आहे. 'सुचत नाही', 'राहवत नाही', सगळा संसार नकारात.

उंबरठा
एवढं सगळं वाचलं, छान आहे, पण एक खटकतंय. चहा, पोय, दूधकट्टा, खिडकी. हे सगळं 'खाऊनपिऊन सुखी' लोकांचं चाललंय. तो शब्दप्रयोगच बघा. आधी खाऊन, मग पिऊन, मग सुखी. क्रम कुणी उलटा लावलेला नाही. आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या बाईंना मी मुद्दाम विचारलं, दिवसात बरं कधी वाटतं? म्हणाल्या, "पाठ टेकली की." रात्रीचं? "नाही, दुपारची. रात्री टेकली की झोपच लागते, बरं वाटायला वेळ कुठाय."

शेवटचा_बाक
उंबरठा, त्या बाईंनी ह्या धाग्यातलं सगळ्यात नेमकं वाक्य दिलंय. 'पाठ टेकणे' म्हणजे झोपणं नव्हे, हे कुठल्याही शब्दकोशापेक्षा त्यांनी नीट सांगितलं. जागेपणी आडवं होणं. बरं वाटण्याला जागं असावं लागतं. ताई, हे तुमच्या पत्रकात घ्याच, त्यांना विचारून.

ताकभात
घेते. त्यांचं नाव घालायचं की नाही तेही त्यांनाच विचारायला लावते.

शीर्षक ठरलं बहुतेक. 'काय बरं वाटतं?' मराठीत ते 'काय बरं' असंही आहे ना, विचार करताना म्हणतो ते. "काय बरं आणायचं होतं बाजारातून?" दोन्ही अर्थ लागतील. कमिटीतल्या एका काकांनी लगेच हरकत घेतली की हे दवाखान्यातल्या विचारपुशीसारखं वाटतं. सर, प्रश्नचिन्ह ठेवू की काढू?

शेवटचा_बाक
ठेवा. काढलंत तर उत्तर तुम्हाला द्यावं लागेल, ठेवलंत तर ते लिहितील. फक्त अनुस्वार द्यायला विसरू नका. 'बर वाटतं' लिहिलंत तर संघातले निवृत्त शिक्षक खडू घेऊन खाली येतील.

वऱ्हाडी_ठेचा
दवाखान्यातलंच वाटू द्या. तिथंही बरं वाटलं की माणूस घरीच जाते.